'आधी आपलं बघा' म्हणणाऱ्यांना

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हाहाकार माजवला. करमाळा, माढा, मोहोळ, परांडा, भूम या तालुक्यांत उभी पिकं पाण्याखाली गेली, दावणीची जनावरं वाहून गेली, आणि कित्येकांच्या रानातली मातीसुद्धा खरवडून निघाली. पीक गेलं तर शेतकरी पुढच्या हंगामाकडे डोळे लावतो. मातीच गेली तर त्यानं कुठल्या हंगामाची वाट बघायची? त्या दिवसांत चाकण एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात एक कागद फिरला. पूरग्रस्तांसाठी एक दिवसाचा पगार द्यायची ज्याची तयारी असेल त्यानं नावापुढे सही करायची. कागद आमच्या लाइनवर येण्याआधीच एक वाक्य येऊन पोचलं होतं : "आधी आपलं बघा. तिकडचं बघायला सरकार आहे." बऱ्याच नावांपुढची जागा कोरी राहिली.

तेव्हापासून हे वाक्य मी कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, गावच्या पारावर ऐकतो आहे. ते मला चूक वाटतं. का वाटतं ते नीट मांडलं पाहिजे, कारण नुसती नाराजी दाखवून ते हटत नाही. त्याच्या पाठीशी काही खरी दुखणी उभी आहेत.

पहिली गोष्ट, हे म्हणणारी माणसं कोरडी नाहीत. त्यांतल्याच एकानं माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रपाळी संपवून, न झोपता, पिंपरीपर्यंत येऊन रक्त दिलं होतं. दुसऱ्याच्या घरी मयत झाली तर हीच मंडळी सरणाची लाकडं रचण्यापासून तेराव्यापर्यंत उभी असतात. ओळखीच्या माणसासाठी जीव टाकणारे, आणि दीडदोनशे किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाचं नाव निघालं की हात आखडणारे, हे एकच लोक आहेत. म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे. दगडाशी कुणी वाद घालत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. घराचा हप्ता आहे, पोरांची फी आहे, ऑर्डर कमी झाली की ओव्हरटाइम बंद होतो. आमच्यावर वेळ येते तेव्हा कोण धावतं? आपल्या खेड तालुक्यानं आजवर कमी दिलंय का? शिवाय दिलेला पैसा मधल्यामधे खाल्ला जातो. आणि एकदा द्यायला लागलं की अंत कुठे? आज सीना, उद्या कोसी, परवा आणखी कुठली नदी.

स्वतःला जपण्याचा हक्क खरा आहे, हे मी आधीच मान्य करतो. चाकण-तळेगाव परिसरात सुदुंबरे गाव आहे. संताजी महाराज जगनाड्यांची समाधी तिथली, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियनही तिथलीच. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं तेव्हा या दलाचे जवान चिखलातून प्रेतं काढत होते. २०२३ च्या जुलैत रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तो डोंगर ते भर पावसात पायी चढले. पाण्यातल्या बचावाची शिकवण अशी की बुडणाऱ्याला आधी हाक द्या, मग काठी किंवा दोर टाका, मग होडी न्या. पोहत त्याच्यापर्यंत जाणं अगदी शेवटी, आणि तेही जॅकेट घातल्याशिवाय नाही. कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. 'आधी स्वतःला सांभाळ' हा त्यांचा पहिला धडा आहे. पण हा धडा सांगून सुदुंबऱ्याच्या छावणीत कुणी बसून राहत नाही. स्वतःला सांभाळायचं ते पलीकडे पोचता यावं म्हणून.

चाकणच्या मातीत याहून जुनं उदाहरण आहे. १६६० साली शाहिस्तेखानानं इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी सुमारे दोन महिने किल्ला लढवला. वेढा सुरू झाला तेव्हा शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले होते. कुमक येणं शक्य नव्हतं. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला, आणि मग फिरंगोजींनी उरलेल्या माणसांचे जीव वाचवण्यासाठी किल्ला दिला. त्यांना कुणी भित्रा म्हणत नाही, म्हणूही नये. बुरूज पडल्यावर आपली माणसं वाचवणं हा धर्मच होता. मला विचारायचं आहे ते एवढंच : कागदावर सही न करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांचा बुरूज पडला होता?

याचं उत्तर सगळ्यांना सारखं नाही, आणि सगळी गोची इथेच आहे. आमच्या लाइनवर माझ्या शेजारच्या मशीनवर एक पोरगा ठेक्यावर होता. बारा तास उभा असायचा, महाळुंग्याला एका खोलीत चौघांत राहायचा. त्याचं गाव सीनेकाठचं. पूर आला तेव्हा चहाच्या सुट्टीत त्यानं भावानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. पाणी ओसरल्यावरचं रान होतं. सोयाबीनच्या शेंगा झाडावरच काळ्या पडून त्यांना कोंब फुटले होते, विहिरीवरची मोटार गाळात रुतून नुसता पाइप वर दिसत होता, आणि मागून कुणी बाई एकसारखी शेळ्यांची नावं घेत होती. या पोरानं एक दिवसाचा पगार द्यावा, असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. त्याच्यासमोर तो कागद धरणंसुद्धा मला बरं वाटलं नाही. त्याच्या घराचा बुरूज खरोखरच पडला होता.

पण 'आधी आपलं बघा' हे वाक्य त्यानं उच्चारलं नव्हतं. ते ज्यांनी उच्चारलं ते बहुतेक परमनंट होते, माझ्यासारखे. आमचा पगार करार होऊन फार दिवस झाले नव्हते. एका दिवसाचा पगार गेल्यानं आमच्यापैकी कुणाच्या घरची चूल विझणार नव्हती. हप्ता थकणार नव्हता. फार तर दिवाळीतली एखादी खरेदी लांबली असती. तरीही आम्ही संकटातल्या माणसाची भाषा वापरली. जीव जपणं आणि सोय जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोय जपायलाही माझी हरकत नाही. माणसानं थोडी हौसमौज करावी, त्यासाठीच राबायचं असतं. पण सोय जपताना 'जीव वाचवतोय' म्हणू नये. त्यानं ज्याचा जीव खरंच धोक्यात आहे त्याची हाक हलकी होते.

आता खेड तालुक्याच्या तक्रारीकडे येतो, कारण तिच्यात सगळ्यांत जास्त तथ्य आहे. भीमेवर चासकमान झालं, भामेवर भामा-आसखेड झालं, एमआयडीसीच्या टप्प्यांमागून टप्पे झाले, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमिनी गेल्या आणि त्यांतली पंधरा टक्के जमीन परत मिळवण्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. भामा-आसखेडचं पाणी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागात पोचलं. धरणात गावं आणि रानं गेलेल्या माणसांची पुनर्वसनाची लढाई मात्र त्याआधी कैक वर्षं चालली होती. शेजारच्या मावळात तर ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर बऊरजवळ, द्रुतगती मार्गावर, गोळीबार झाला आणि तिघं मेली. त्यांत एक बाई होती. एवढं सोसलेल्या मुलखाला 'आणखी द्या' म्हणून सांगायचं कुणी?

पण आम्ही 'दिलं' असं जे म्हणतो ते नीट तपासून बघा. भामा-आसखेडच्या शेतकऱ्यानं दिलं नाही, त्याच्याकडून घेतलं. देणाऱ्याला हो-नाही म्हणायची मुभा असते आणि त्याला आधी विचारतात. इथे शिक्का मारलेली नोटीस आली आणि मोजणीवाले आले. तेव्हा त्या शेतकऱ्याचं येणं अजून बाकी आहे आणि ते त्याला मिळालंच पाहिजे; त्या भांडणात मी त्याच्या बाजूनं आहे. मात्र ते येणं सरकारकडून आहे, शहराकडून आहे. परांड्याच्या सोयाबीनवाल्याकडून नाही. त्यानं भामेचं पाणी कधी प्यायलेलं नाही.

आणि धरणग्रस्तावर ही पाळी कशानं आली? शहरातल्या लाखो चांगल्या माणसांनी 'आधी आपल्या शहराची तहान, मग धरणातल्या लोकांचं बघू' असं गृहीत धरलं म्हणून. त्या माणसांना धरणग्रस्त कधी दिसला नाही, तो लांब होता, त्याचं बघायला सरकार होतं. म्हणजे ज्या वाक्यानं खेड-मावळच्या शेतकऱ्याला नागवलं तेच वाक्य आता त्याच्या नावानं आम्ही पुढे करतो आहोत. हे मला सगळ्यांत जास्त लागतं. आणि पुढे करणाऱ्यांत धरणग्रस्त किती असतात? मी ऐकलं ते बहुतेक अशांच्या तोंडून, ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीचे पैसे आले, त्यांतून खोल्या निघाल्या आणि महिन्याच्या महिन्याला भाडं येतं. हे भाडं कोण भरतं तेही सांगतो : बीडचा, धाराशिवचा, परभणीचा, बलियाचा, गयेचा माणूस. तो लांबचा परका म्हणे. निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या कुठल्याही चाळीत पहाटे पाच वाजता नळाला उभं राहून बघा. नागपंचमीला, छटपूजेला, भीमजयंतीला गावाकडे फोन लावणारी ही माणसं जिथून आली तीच गावं टीव्हीवर बुडताना दिसतात. चाकणची भाकरी त्या गावांना बांधलेली आहे.

अमेरिकेत गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं हेच वाक्य शास्त्राच्या भाषेत मांडलं होतं. १९७४ च्या त्याच्या लेखात एक जीवनरक्षक होडी आहे. साठांची सोय, पन्नास बसलेले, आणि शंभर जण पाण्यात हातपाय मारताहेत. सगळ्यांना घेतलं तर सगळेच बुडतील. तेव्हा श्रीमंत देशांनी गरिबांना आत घेऊ नये, त्यांना धान्यही पाठवू नये, कारण धान्य मिळालं की ते आणखी वाढतील आणि पुढचा दुष्काळ आणखी मोठा येईल. या लेखात हिंदुस्थानचं नाव घेऊन उदाहरण दिलेलं आहे. म्हणजे पाण्यातले ते शंभर आम्ही.

नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं? १९७२ चा दुष्काळ. सलग तीन वर्षं पाऊस कमी, शेवटच्या वर्षी जवळजवळ नाहीच. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातली सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. माझे वडील शिरूर तालुक्यात अशाच एका रस्त्यावर होते. रेशनवर परमुलखातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, कामावर सुकडी मिळायची. वडिलांना मिलोचा वास शेवटपर्यंत आवडला नाही आणि मिलोला नावं ठेवलेलीही त्यांना शेवटपर्यंत चालली नाहीत. त्या दुष्काळात हाल अपरंपार झाले, गुरं मेली, पण १९४३ ला बंगालमध्ये झालं तसं माणसांचं मरण ओढवलं नाही. दुष्काळाचा अभ्यास करणारे जगभरचे लोक आजही ते उदाहरण देतात. हार्डिनच्या हिशेबानं वाचवलेली ही माणसं पुढे होडी बुडवणार होती. प्रत्यक्षात महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलांचं प्रमाण १.७ वर आलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा आहे. पोट भरलं, पोरी शाळेत गेल्या, पोरं जगतील याची खात्री वाटली, आणि माणसांनी आपणहून कुटुंब लहान ठेवलं. वाचलेल्यांची नातवंडं आज चाकणला गाड्या बनवतात आणि त्या गाड्या परदेशी जातात. होडीची गोष्ट सांगणाऱ्यानं एक साधी शक्यता धरलीच नव्हती, की पाण्यातला माणूस वर आला तर वल्हं हातात घेतो.

पण १९७२ मधलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचंच. दुष्काळ संपल्यावर महाराष्ट्रानं 'झालं ते झालं' म्हटलं नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता : मागेल त्याला काम. त्याची रोजगार हमी योजना झाली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली सगळ्या देशानं त्याच धर्तीवर कायदा केला. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदारानं, दुकानदारानं, डॉक्टर-वकिलानं तो भरायचा. जितका जमेल तितकीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. आणि त्यातून खेड्यातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला काम द्यायचं.

तुमची पे-स्लिप काढून बघा. 'पीटी' म्हणून जे २०० रुपये दर महिन्याला कटतात आणि फेब्रुवारीत ३०० कटतात, वर्षाचे २,५००, तो हा कर. चाकणमध्ये कुठल्याही कारखान्याच्या गेटवर विचारा, दहातल्या नऊ जणांना तो कशासाठी सुरू झाला हे माहीत नसतं. कटतो म्हणून कटतो. ज्या पिढीनं तो लावून घेतला तिच्याकडे आजच्या परमनंट कामगाराच्या चौथाईसुद्धा सुबत्ता नव्हती. गिरणी कामगार होते, शिक्षक होते, कारकून होते. 'आधी आपलं बघा' म्हणायला त्यांच्याकडे आमच्याहून भक्कम कारणं होती. तरी त्यांनी लांबच्या परक्याचा वाटा आपल्या पगारात कायमचा लिहून दिला, तोही दयेच्या भरात एखाद्या दिवशी नाही, कायद्यानं आणि दर महिन्याला. तेव्हा 'एकदा द्यायला लागलं की अंत कुठे' या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे : वाटा ठरवायचा, सगळ्यांनी भरायचा, आणि मग प्रत्येक पुराच्या वेळी कुणाच्या मनाला पाझर फुटतो याची वाट बघायची नाही.

१९७२ च्या त्याच दुष्काळात पुण्याचे एक कारखानदार इंजिनिअर, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात गेले होते. खडी फोडणारी माणसं पाहून त्यांना चैन पडेना. त्यांनी नायगावला देवस्थानची माळरान जमीन खंडानं घेतली, पाणी अडवलं, आणि पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापानं मिळायचं नाही, माणशी मिळायचं. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. साळुंखे पुरंदरचे सोयरे नव्हते. त्यांचा कारखाना होता, कामगार होते, 'आपलं बघायला' पुष्कळ होतं. ते बघून ते पुरंदरलाही गेले.

टाळेबंदीतलं चाकण विसरून या विषयावर बोलता येणार नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला. गावोगावच्या वेशीवर बैलगाड्या आडव्या पडल्या, बाभळीच्या फांद्या पडल्या, 'बाहेरच्यांना प्रवेश बंद' असे फलक लागले. पहिल्या आठवड्यांतली ती भीती खोटी नव्हती. रोग काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि घरात म्हातारी माणसं होती. त्या दिवसांत ज्यानं दार लावून घेतलं त्याला मी दोष देत नाही. पण काही ठिकाणी पुढची पायरी गाठली गेली : भाडं नाही तर खोली सोडा. ज्याला खोलीत बसवून ठेवणं सगळ्यांच्या हिताचं होतं त्यालाच रस्त्यावर काढलं. ही स्वतःच्या जिवाची काळजी म्हणायची तर तिच्यात अक्कलही नव्हती, कारण रोग पसरायचा तर तो रस्त्यावरच्या गर्दीतून पसरणार होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा होता, त्यात ठेकेदारानं प्रवासभत्ता देण्याचं कलम होतं. एकेचाळीस वर्षांच्या त्या कलमाचा कुणाला आधार झाला नाही. माणसं चालत निघाली. ८ मे च्या पहाटे करमाड आणि बदनापूरच्या मध्ये रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, भुसावळला गाडी मिळेल म्हणून चालत होते.

त्याच दिवसांत आमच्या आळीतल्या एका मावशींनी खोल्यांचं भाडं मागितलं नाही आणि कणग्यातले गहू दळून भाडेकरूंना पीठ दिलं. त्या काही श्रीमंत नव्हेत. नवरा अर्धांगानं पडून, भाड्यावरच घर चालायचं. गावातल्या कुणी तरी टोकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं भागतंय तोवर त्यांचं भागू दे, माझं संपलं की मी सांगते त्यांना." या एका बोलण्यात मला सगळा विषय आला असं वाटतं. त्यांनी आपलं बघितलं नाही असं नाही, रोज बघितलं. कणग्यात हात घालून किती उरलंय ते बघूनच दिलं. मे-जूनमध्ये कारखाने सुरू करायची परवानगी आली तेव्हा लाइनवर माणसं नव्हती. ठेकेदारांनी बस पाठवून त्यांना परत आणलं. मावशींच्या खोल्यांतली माणसं जागेवरच होती. हे त्यांच्या चांगुलपणाचं बक्षीस म्हणून सांगत नाही. माणसं गेली असती तरी त्यांनी केलं ते बरोबरच होतं.

आता अंताचा प्रश्न पुरा करतो. पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या हालांवरून एक प्रसिद्ध निबंध लिहिला. समोरच्या डबक्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबत नाही. मग मूल लांब आहे एवढ्यानं काय फरक पडतो? हा प्रश्न मला बिनतोड वाटतो. पण त्यातून तो शेवटी जिथे नेतो, की आणखी दिलं तर आपणच त्या निर्वासिताइतके हलाखीत जाऊ तिथपर्यंत देत राहावं, तिथपर्यंत मी जाऊ शकत नाही. तितकं मागितलं तर माणूस पहिलं पाऊलही टाकत नाही. त्या वर्षी एक कोटीच्या घरात निर्वासित आले होते, आणि भारत सरकारनं टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लावलं होतं. पाच पैसे. पत्रं पाठवणाऱ्यांनी ते लावलं. तेवढं मागता येतं आणि तेवढं देता येतं.

इथून देहू फार लांब नाही. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकानाचं दिवाळं निघालं. 'आधी आपलं बघा' म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर त्यांना होता. त्यांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं चरित्रकार सांगतात. आणि त्याच गोष्टीत असंही सांगतात की धाकटा भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून त्याच्या हवाली केला. बुडवला तो स्वतःचा वाटा. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दानशूर होता येत नाही. म्हणून कंपनीनं न विचारता पगार कापला तर त्याला माझा विरोध राहील, आणि ठेक्यावरच्या पोराच्या हजेरीतून कापला तर मी भांडेन. पण कान्होबाचा वाटा बाजूला काढल्यावर जे आपलं उरतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न मग कुणालाच टाळता येत नाही.

राहिलं पैसे खाल्ले जाण्याचं. खाल्ले जातात, कधीकधी जातात. मग हिशेब मागा. ज्या चौकसपणानं आपण सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मागतो तेवढा चौकसपणा मुख्यमंत्री निधीबाबत दाखवलेला मी पाहिला नाही; शंका घ्यायची आणि पाकीट बंद करायचं, एवढंच होतं. ज्याला खरंच शंका आहे तो दुसरी वाट शोधतो. आणि आपल्याकडे तर दुसरी वाट लाइनवर शेजारी उभी होती. शेजारच्या मशीनवरचा पोरगा आपल्या गावातल्या कुणाची मोटार गाळात गेली, कुणाची जनावरं चाऱ्यावाचून आहेत, हे नावानिशी सांगू शकत होता. मधे कुणी खाणारा नव्हता. चाकणइतके फिटर, वायरमन, वाइंडर महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच एका जागी असतील. पाण्यात गेलेली मोटार उघडायची, गाळ धुवायचा, सुकवायची, बेअरिंग बदलायचं, जळली असेल तर वाइंडिंग करायचं. आमच्यातल्या चार जणांनी दोन दिवसांत एका गावातल्या कितीतरी मोटारी पुन्हा चालू केल्या असत्या. रब्बीला पाणी मिळालं असतं. ते झालं नाही, कारण आम्ही पगार द्यायचा की नाही यावरच अडून बसलो.

त्या पोराचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण मला त्याचा राग आहे आणि तो जायचा नाही. त्यानं गावी जायला आठ दिवसांची सुट्टी मागितली. ठेकेदार म्हणाला, जा, पण बदली माणूस घेतोय. तो गेला. परत आला तेव्हा गेटपास बंद झाला होता. आम्ही परमनंट लोक तेव्हा गप्प बसलो. ठेक्याच्या भानगडीत पडलं तर आपल्या अंगाशी येईल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. त्यातही ते वाक्य होतंच.

पुढच्या करारासाठी युनियननं सूचना मागवल्या आहेत. मी लेखी दिली आहे : ज्या तालुक्यात सरकारनं आपत्ती जाहीर केली तिथल्या कामगाराला, परमनंट असो वा ठेक्यावरचा, पंधरा दिवसांची पगारी रजा आणि परतल्यावर तीच जागा, आणि परमनंट कामगारांनी स्वखुशीनं आपल्या रजेतले दिवस देऊन फिटर-वायरमनची तुकडी पाठवायची, तिचा प्रवासखर्च कंपनीनं करायचा. पगारातली रक्कम मागितलेली नाही. तीन जणांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सूचना द्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे आणि कागद सध्या माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की मी गेटवर असतो.